दक्षिण सुदानात आधी पगार पोचवा, इमारत नंतर बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कम्युनिटी मेडिसिनचं एमडी नुकतंच झालं आहे, एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी दक्षिण सुदानला जायचं ठरतंय, संस्थेकडे एका काउंटीपुरता, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या भागापुरता पैसा आहे, आणि तो दवाखाने बांधण्यात घालावा, औषधांत घालावा की बाहेरून डॉक्टर-नर्स नेण्यात, यावर तुमच्यात वाद चालला आहे. मी त्या देशात स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी गेले आणि मध्ये खंड पडत बरीच वर्षं तिथे काम केलं. त्याआधी विदर्भात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर होते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिला पैसा पगारात घाला. तुम्ही नेणार त्या डॉक्टरांच्या पगारात नव्हे. त्या काउंटीत तुम्ही जायच्या कितीतरी आधीपासून जे आरोग्यसेवक आणि ज्या सुईणी रोज सकाळी दवाखाना उघडून बसतात, त्यांच्या पगारात. दुसरा पैसा त्यांच्याकडची औषधं संपू नयेत यासाठी. इमारत तिसरी, आणि तीही साधी. डॉक्टर शेवटी.

तुम्ही लिहिलं आहे, ‘मोडलेली आरोग्यव्यवस्था पुन्हा उभी करायची आहे’. ही समजूत घेऊन जाऊ नका. 9 जुलै 2011 ला हा देश स्वतंत्र झाला तेव्हा मोडायला तिथे फारसं काही नव्हतंच. ऑगस्ट 1955 मध्ये तोरितला सैनिकांचं बंड झालं, तिथून 1972 पर्यंत एक युद्ध. मग अकरा वर्षांची उसंत. मग 1983 पासून 2005 पर्यंत दुसरं युद्ध. या दुसऱ्या युद्धात वीस लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली बरीचशी गोळीने गेली नाहीत. भुकेने गेली, तापाने गेली, जुलाबाने गेली, बाळंतपणात गेली. जुबा, मलाकाल, वाव अशा शहरांत इस्पितळं होती, पण ती शहरं खार्तूमच्या, म्हणजे उत्तरेतल्या सुदान सरकारच्या सैन्याच्या ताब्यात होती. खेड्यापाड्यांत जे काही होतं ते चर्चचं किंवा बाहेरच्या संस्थांचं. 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ या योजनेत केनियातल्या लोकिचोगियोहून विमानं उडायची आणि धान्य, औषधं, लशी उतरवून परत जायची. म्हणजे औषध आकाशातून येतं आणि परक्या माणसाबरोबर येतं, हेच लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. आपल्याकडे पीएचसीला कितीही नावं ठेवली तरी ‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. तिथे त्या शब्दांमागे चित्रच नव्हतं.

2006 च्या घरोघरच्या पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 2,054 माता दगावतात असं दिसलं. त्याच सुमाराला महाराष्ट्रात हा आकडा 130 होता. मी दोन्हीकडे बाळंतपणं केली आहेत, म्हणून हा फरक मला नुसता आकड्यांतला वाटत नाही.

जमीन मात्र तुम्हाला ओळखीची वाटेल. जोंगलेई, युनिटी, अप्पर नाईल या भागांत आपल्या यवतमाळ-अकोल्यासारखी काळी कपाशीची माती आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायातला बूट ओढून घेते. लोक ज्वारी खातात. तिची पातळ भाकरी असते तिला किस्रा म्हणतात. दवाखान्यापुढे कडुनिंबाचं झाड असतं. पण देश महाराष्ट्राच्या दुप्पट, आणि स्वातंत्र्यानंतर वर्षभराने त्यात डांबरी म्हणावा असा एकच मोठा रस्ता पुरा झाला, जुबा ते निमुले, 192 किलोमीटर. मे महिन्यात पाऊस लागला की नोव्हेंबरपर्यंत कित्येक काउंट्यांत गाडी जात नाही. मातीची धावपट्टी भिजली की लहान विमानही उतरत नाही. उरते होडी, आणि पाय.

आता पगाराचं.

मी गेले त्या पायाममधला (काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, पायाम म्हणजे सर्कल, बोमा म्हणजे चार वाड्यांचं गाव) दवाखाना म्हणजे गवताने शाकारलेलं एक गोल खोपट, तिथला शब्द तुकुल. बाहेर निंबाखाली एक मेज. मेजावर रजिस्टर. युद्धाच्या काळात नऊ महिन्यांचं प्रशिक्षण मिळालेला पस्तिशीचा आरोग्यसेवक ते लिहीत होता. प्रत्येक रुग्णाचं नाव, वय, गाव, आजार, आणि औषधाच्या रकान्यात एक आडवी रेघ. पानंच्या पानं तीच रेघ. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘दावा माफी’. जुबा अरबीत ‘माफी’ म्हणजे ‘नाही’. मराठी कानाला पहिल्यांदा ते क्षमा मागितल्यासारखं ऐकू आलं. औषध तीन महिने नव्हतं आणि पगार सात महिने नव्हता. तरी तो रोज सकाळी येत होता, बायांना मुलांच्या अंगात ताप किती आहे ते हात लावून सांगत होता, उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर किती घालायची ते शिकवत होता, आणि लिहून ठेवत होता. दुपारी घरी जाऊन ज्वारीत काम करत होता, कारण पाच मुलं होती.

आमच्या संस्थेने त्या वर्षी कशावर सगळ्यात जास्त पैसा खर्च केला? पत्र्याचं छप्पर असलेल्या पक्क्या दवाखान्यावर. सिमेंट युगांडातून आलं, पावसाआधी पोचवायचं म्हणून वाहतुकीला दामदुप्पट मोजले. त्या आरोग्यसेवकाचा वर्षाचा पगार त्यातल्या एका खेपेच्या भाड्यात निघाला असता. मीही त्या निर्णयात होते. फोटोत इमारत दिसते, पगार दिसत नाही, आणि पैसे देणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागतं, हे आमचं तेव्हाचं समर्थन. ते चूक होतं. पुढच्या पावसाळ्यात तो आरोग्यसेवक गुरं घेऊन दुसरीकडे गेला आणि पक्क्या दवाखान्याला आम्ही कुलूप लावलं.

पगार का पोचत नाही हे नीट समजून घ्या, कारण तुमचं निम्मं काम तिथेच आहे. पैसा देशाच्या राजधानीतून, जुबातून, राज्याच्या राजधानीला, तिथून काउंटीला, आणि पुढे पिशवीतून रोख जातो. वाटेत नावं गळतात, नावं वाढतात. मेलेला माणूस यादीत राहतो, तीन वर्षं राबणारी सुईण यादीत नसतेच. त्यात स्वातंत्र्याच्या सुमाराला सरकारच्या उत्पन्नातला 98 टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या तेलाचा. तेलाची पाइपलाइन उत्तरेच्या सुदानमधून समुद्राला जाते. वाहतुकीच्या दरावरून भांडण झालं आणि जानेवारी 2012 मध्ये, देश सहा महिन्यांचा असताना, जुबाने तेलाचा उपसाच बंद केला. तो पुन्हा सुरू व्हायला एप्रिल 2013 उजाडला. त्या काटकसरीत सैन्याचा पगार आधी निघायचा, दवाखान्याचा शेवटी. डिसेंबर 2015 मध्ये चलन बाजारावर सोडलं तेव्हा डॉलर एका झटक्यात 2.95 पाउंडांवरून 18.5 वर गेला. ज्याला पगार मिळत होता त्याच्या पगारात आठवड्याची ज्वारी येईनाशी झाली.

बाहेरच्या संस्थांनीही या दुखण्यात भर घातली. एकाच काउंटीत एक संस्था सुईणीला अमुक देते, शेजारची दुप्पट देते, तिसरी फक्त प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता देते. मग माणसं भत्त्यामागे फिरतात आणि दवाखाना रिकामा. सगळ्यात हुशार आरोग्यसेवक संस्थेच्या ऑफिसात दुभाषी नाहीतर स्टोअरकीपर होतो, कारण तिथे डॉलर आहेत. तुम्ही हे अजिबात करू नका. दवाखान्यातला एकही माणूस तुमच्या ऑफिसात ओढायचा नाही, असा ठराव निघण्यापूर्वी करून घ्या. 2012 च्या अखेरीस ब्रिटनच्या पुढाकाराने काही देशांनी मिळून हेल्थ पूल्ड फंड सुरू केला. दहापैकी सहा राज्यं त्याच्याकडे, उरलेली जागतिक बँक आणि अमेरिका यांच्याकडे, आणि शक्यतो प्रत्येक काउंटीत एकच संस्था जबाबदार. या रचनेत उणिवा पुष्कळ होत्या, पण एक गोष्ट तिने बरोबर पकडली: आरोग्यसेवकांना द्यायचे दर सगळीकडे सारखे हवेत.

आम्ही पुढे जी पद्धत बसवली ती सांगते. महिन्याची एक तारीख ठरलेली. त्या दिवशी काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस, आमचा माणूस आणि गावचा मुखी असे तिघे निंबाखाली बसणार, यादी मोठ्याने वाचणार, पैसे सगळ्यांसमोर मोजून देणार. कोण येतं, कोण येत नाही हे गावाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे खोटं नाव दुसऱ्या महिन्यात गळून पडलं. पावसाळ्यात पोचता येणार नाही म्हणून एप्रिलच्या अखेरीस दोन महिन्यांचं आगाऊ, बाकीचं होडीने. पैसे वाटताना काउंटीचा अधिकारी पुढे, आम्ही मागे. लोकांच्या लेखी पगार सरकारने दिला पाहिजे, जरी तो आज आपल्या खिशातून येत असला तरी. सहा महिन्यांत त्या काउंटीतले बंद दवाखाने एकेक करून उघडले. नवीन एकही माणूस आम्ही आणला नव्हता.

औषधांचा नियम सोपा आहे, पाळायला अवघड. वर्षाचं औषध एप्रिल संपायच्या आत दवाखान्यात पोचलं पाहिजे. ‘मागणी आली की पाठवू’ म्हणणारा तिथे पावसाळ्यात हात चोळत बसतो. देशपातळीवरून ठरलेल्या मापाच्या पेट्या येतात, सगळ्यांना सारख्या. त्यात तुमच्याकडे खपणार नाही असं काहीतरी जास्त असतं आणि मलेरियाच्या गोळ्या कमी असतात. म्हणून त्या आरोग्यसेवकाचं रजिस्टर सोनं आहे. मागच्या वर्षीच्या नोंदींवरून मलेरिया किती, जुलाब किती, छाती भरलेली मुलं किती हे काढा आणि त्यावर एक तृतीयांश जास्त ठेवा. मलेरियाची झटपट तपासणी आणि आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्या, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक, जंतनाशक, लोह, साबण. एवढं सतत असलं तर लहान मुलांच्या मरणाचा मोठा भाग तुम्ही तिथेच अडवाल. आणि घरी पडून असलेली औषधं गोळा करून नेऊ नका. मी खोकल्याच्या मुदत संपलेल्या बाटल्या काळ्या मातीत खड्डा खणून पुरल्या आहेत, त्या आणणाऱ्या विमानाचं भाडं ज्वारीच्या कितीतरी पोत्यांएवढं होतं.

कुपोषणाबद्दल दोन ओळी. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी प्रत्येक आईला शिकवा, फक्त सेविकेला नको. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल. आई स्वतःच्या मुलाची पट्टी दर आठवड्याला बघू शकते. शेंगदाण्याची तयार पेस्ट मिळेल तेव्हा उत्तम, पण ती वाटणारी जागा चार तासांच्या चालीवर असली तर निम्म्या बाया दुसऱ्यांदा येत नाहीत.

सरकारच्या नियमाप्रमाणे तिथे सर्वांत लहान दवाखाना 15,000 लोकांमागे एक, त्यावरचा 50,000 मागे एक. आपलं उपकेंद्र 5,000 मागे, आदिवासी भागात 3,000 मागे असतं. म्हणजे कागदावरचे सगळे दवाखाने उद्या चालू झाले तरी तापाने फणफणलेलं मूल घेऊन बाईला दिवसभर चालावं लागणार. म्हणून गावातच राहणारा, थोडं शिकवलेला माणूस लागतो. सरकारने पुढे बोमा हेल्थ इनिशिएटिव्ह या नावाने हाच विचार धोरणात आणला. मला त्यात नवल वाटलं नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना घेऊन हेच केलं होतं, आणि गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घराघरांतल्या नवजात बाळांपर्यंत ते नेलं.

एक वस्तू मुद्दाम सांगते. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटभर श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, वर्षापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त म्हणजे औषध द्यायचं. पण ज्या बाईला वीसच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करायचं? गडचिरोलीत सर्च संस्थेने यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं होतं. मी काम केलं तिथे आम्ही मण्यांची माळ वापरली. प्रत्येक श्वासाला एक मणी बोटांतून सरकवायचा. टायमर वाजेपर्यंत बोटं लाल मण्यावर पोचली तर अमॉक्सिसिलिन. नुएर जमातीतल्या एका आजीला मी ती माळ दिली. तिला वाचता येत नव्हतं, पण गुरं राखताना शंभर जनावरांतलं एक कमी झालेलं तिला मोजल्याशिवाय कळायचं. तिने माळ हातात घेतली आणि दुसऱ्याच मुलापासून मला दुरुस्त करायला लागली, की बाई, मूल रडतंय, आत्ता मोजू नकोस, आधी दूध पिऊ दे.

बाळंतपणाचा प्रश्न सगळ्यात कठीण आहे आणि वर्षभरात तुम्ही तो सोडवणार नाही, हे आधीच मनाशी मान्य करा. युद्ध संपलं तेव्हा रीतसर शिकलेल्या सुईणी त्या सबंध देशात बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. जुबाचं नर्सिंग आणि मिडवाइफरी कॉलेज 2010 ला सुरू झालं, आणि तिथून शिकून आलेल्या पोरींनी पुढे जे केलं ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्या शहरांत आधी पोचल्या, खेड्यांत फार उशिरा. तोपर्यंत काय? बाई मरते ती मुख्यतः रक्त जाऊन. ते टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, बाळ बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, तोंडाने. फ्रिज नको, सुई नको. पश्चिम इक्वेटोरियातल्या मुंद्री ईस्ट काउंटीत घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी हे करून पाहिलं गेलं आणि ते जमलं. गोळी कधी द्यायची नाही हे शिकवायला जास्त वेळ द्या. बाळ यायच्या आधी कळा वाढाव्यात म्हणून कुणी दिली तर गर्भाशय फाटतं.

अडलेल्या बाळंतिणीला गोळी वाचवत नाही, तिला सिझेरियन लागतं. इथे मोझांबिककडे बघावं. 1975 ला तो देश स्वतंत्र झाला, पोर्तुगीज डॉक्टर बहुतेक सगळे निघून गेले, आणि लगेच यादवी सुरू झाली ती 1992 पर्यंत. त्यांनी 1984 पासून डॉक्टर नसलेल्या सहायकांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. पुढे जिल्ह्याच्या इस्पितळांतली बहुतेक सिझेरियन याच लोकांनी केली आणि त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे निघाले. दक्षिण सुदानात क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचारांचं शिक्षण घेतलेले) आहेत, हाताला चांगले आहेत. तुम्ही वर्षभर स्वतः चाकू चालवण्यापेक्षा दोघांना शिकवून आलात तर पुढची दहा वर्षं त्या काउंटीत सिझेरियन होईल.

आता एक आशा वाटावी अशी गोष्ट, कारण आतापर्यंतचं वाचून तुम्ही धास्तावला असाल. नारू. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बारवेत उतरून पाणी भरायचे दिवस आणि पायातून काडीला गुंडाळून काढलेला तो हातभर लांब जंत त्यांना आठवेल. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला. दक्षिण सुदानात 2006 ला त्याचे 20,581 रुग्ण होते, जगातले सर्वांत जास्त. 2011 ला 1,028 उरले. 2017 ला वर्षभरात एकही नाही. त्यानंतर अधूनमधून थोडे सापडत राहिले. ना लस, ना औषध. पाणी गाळायचं फडकं, गुरांमागे हिंडणाऱ्यांसाठी गळ्यात अडकवायची गाळणीची नळी, डबक्यात टाकायचं अळीनाशक, आणि गावोगाव दर महिन्याला विचारपूस करणारा स्वयंसेवक. युद्ध चालू असताना 1995 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी मध्यस्थी करून या कामासाठी जवळजवळ सहा महिने बंदुका थांबवल्या होत्या. गावातल्या माणसावर विश्वास टाकून त्याच्याकडे दर महिन्याला न चुकता गेलं की काय होतं, ते यात दिसतं. माझी एक तक्रार मात्र आहे. एकेका आजाराचा कार्यक्रम आपापला स्वयंसेवक, आपापला भत्ता, आपापलं रजिस्टर घेऊन येतो. एका बोमात मी चार स्वयंसेवक पाहिले, चार आजारांचे, आणि जुलाब झालेल्या मुलाकडे बघायला त्यांतला एकही नव्हता.

इमारत इतकी मागे का, याचं खरं कारण 15 डिसेंबर 2013 नंतर कळलं. जुबात यादवीचा गोळीबार सुरू झाला आणि काही दिवसांत बोर, बेंतिऊ, मलाकाल पेटले. युनिटी राज्यात लेअर नावाचं गाव आहे. तिथे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचं इस्पितळ पंचवीस वर्षं चालत होतं. जानेवारी 2014 च्या अखेरीस हल्ला जवळ आला तेव्हा तिथले 240 स्थानिक कर्मचारी, सगळ्यात आजारी असे काही डझन रुग्ण सोबत घेऊन रानात निघून गेले. मागे इस्पितळ लुटलं गेलं, जाळलं गेलं. रानात, दलदलीत, पाठीवरून नेलेल्या औषधांवर त्यांनी रुग्ण सांभाळले. इतक्या वर्षांत बांधलेलं जे होतं त्यातलं एवढंच वाचलं, आणि ते पायांवर चालत होतं म्हणून वाचलं.

आमचा पत्र्याचा दवाखानाही त्याच महिन्यांत गेला. पत्रे काढून नेले, फ्रिज फोडला. मी तेव्हा देशाबाहेर काढलेल्यांत होते आणि ती लाज अजून जात नाही. परत गेले तेव्हा आमची एक सुईण नदीच्या पलीकडे एका बेटावर सापडली. तिच्याकडे एक पाठपिशवी होती, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रजिस्टर. पळापळीत तिने एकोणतीस बाळंतपणं केली होती आणि सगळी लिहिली होती, तारीख कळत नव्हती तिथे चंद्राची कला काढली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक सेवकाला दोन पिशव्या देण्याच्या मताची आहे. एक रोजची, एक बांधून ठेवलेली: पंधरा दिवसांच्या मलेरियाच्या आणि न्यूमोनियाच्या गोळ्या, ओआरएस, मिसोप्रोस्टॉल, दोरा-ब्लेड, मण्यांची माळ, रजिस्टर, पेन्सिल. शाई भिजते. आणि पळापळीच्या महिन्यांतला पगार कापायचा नाही. लोक जिथे गेले तिथे तो गेला असेल तर तो कामावरच आहे.

तुमच्या बैठकीत कुणीतरी नक्की विचारेल: बाहेरच्या पैशाने पगार देत राहिलो तर सरकार कधी द्यायला लागेल? रास्त प्रश्न आहे. तिमोर-लेस्तेचं उदाहरण देतात. 1999 च्या सार्वमतानंतर तिथली बहुतेक आरोग्यकेंद्रं जाळली गेली, डॉक्टर जेमतेम काही डझन उरले. सुरुवातीला संस्थांनी एकेक जिल्हा चालवला, पण 2000 सालीच एक हंगामी आरोग्य प्राधिकरण बसवलं, आणि 20 मे 2002 ला देश स्वतंत्र होईपर्यंत जिल्हे त्याच्या हातात यायला लागले होते. नंतर क्युबाने त्यांच्या मुलांना मोठ्या संख्येने डॉक्टर करून दिलं. यातून घेण्यासारखं हे, की पहिल्या दिवसापासून सरकारी माणसाला खुर्चीत बसवा. मात्र तिमोर-लेस्ते लहान देश आहे आणि तिथली लढाई थांबली होती. दक्षिण सुदानात ती थांबलीच नाही. 2015 चा शांतताकरार मोडला, 2018 चा अर्धवट राहिला, आणि एप्रिल 2023 पासून उत्तरेच्या युद्धातून दहा लाखांहून जास्त माणसं, बहुतेक सीमेजवळच्या रेंकमार्गे, आत आली, पाठोपाठ 2024 च्या अखेरीस कॉलरा. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं बाहेरून पगार द्यावा लागला तर त्यात मला अपयश वाटत नाही. वाईट ते अचानक थांबणं. 2021 नंतर ब्रिटनने आणि 2025 मध्ये अमेरिकेने मदत कापली तेव्हा आधी बंद पडले ते लांबचे दवाखाने, आणि कॉलरा झालेली माणसं उन्हात चालत पुढच्या दवाखान्याच्या वाटेवर मेली. म्हणून तुमच्याकडे एका वर्षाचा पैसा असेल तर तो दीड वर्ष पुरेल असा पसरा, आणि बंद करायची तारीख सेवकांना सहा महिने आधी सांगा. ते त्यांचं आयुष्य आहे.

तुमच्यासाठी थोडं. जुबा अरबी महिनाभरात कामापुरती येते, ती शिका, आणि जिथे जाल तिथली डिंका किंवा नुएर नमस्कारापुरती तरी. ओपीडीच्या खुर्चीत बसू नका. तुम्ही बसलात की रांग तुमच्याकडे वळते आणि तिथल्या सेवकाची पत जाते. त्याच्या शेजारी बाकावर बसा, त्याने विचारलं तर सांगा, रुग्ण गेल्यावर चूक दाखवा. तुम्ही परतल्यावर ती रांग त्याच्यासमोरच लागायची आहे.

जानेवारीत पोचा, म्हणजे पावसाआधी चार कोरडे महिने मिळतील. पहिल्या आठवड्यात कुठलंही उद्घाटन ठेवू नका. काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याला सोबत घेऊन प्रत्येक दवाखान्यात जा, उघडा असो की बंद, आणि एक यादी करा: कोण काम करतं, काय शिकलंय, कधीपासून, किती महिने पगार नाही, आणि रजिस्टरमध्ये मागच्या वर्षी किती ताप, किती जुलाब, किती बाळंतपणं. पैसा कुठे घालायचा याची बैठक ती यादी हातात आल्यावर भरवा. मलाही पाठवा, औषधांचा हिशोब आपण मिळून करू, एप्रिलच्या आत.